शिवणीचे वेगळे

सुरतेत स्वेटर विणणाऱ्या बाईकडे लोक थोड्या कीवेनं बघतात. इथली थंडी ती केवढी! पौषात पहाटे पायाशी पडलेली चादर वर ओढावीशी वाटते, दुपारी पुन्हा पंखा. लग्न होऊन मी अमळनेरहून इथे आले तेव्हा ट्रंकेत साड्यांच्या तळाशी सुया आणि निळ्या लोकरीचे गुंडे होते. ते पाहून सासूबाई म्हणाल्या, "अगं, इथे हे घालणार कोण?" प्रश्न रास्त होता. घालणारे सगळे मागे राहिले होते. खानदेशात जानेवारीतल्या रात्री बोचऱ्या असतात, पिकाला पाणी द्यायची वीज नेमकी रात्री येते आणि माझे भाऊ तेव्हा बांधावर उभे असत. म्हणून मी सुरतेत विणायची आणि स्वेटर तापी खोऱ्याच्या रेल्वेनं बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा करत अमळनेरला जायचे.

विणायला मी माहेरी शिकले. विणलेलं पुरं करायला सुरतेनं शिकवलं. ह्या दोन गोष्टींत अंतर किती, ते सुया कधी हातात न धरलेल्याला सांगून पटत नाही, आणि धरलेल्यांपैकीही पुष्कळांना पटत नाही. घरोघरच्या कपाटांत पाठ, पुढचा भाग आणि दोन बाह्या वेगवेगळ्या घड्या करून ठेवलेल्या सापडतात. विणून झालेलं असतं, स्वेटर झालेला नसतो. लोक त्याला आळस म्हणतात. मला तसं वाटत नाही. शेवटचा टाका बंद केल्यावर पुढे काय करायचं, हे त्या बायकांना कुणी दाखवलेलंच नसतं. मला दाखवलं गेलं. त्याचं देणं बऱ्याच जणांचं आहे, आणि त्यात सर्वांत मोठं आमच्या घरमालकीणबाईंचं.

नानपुऱ्यात, नदीपासून फार लांब नाही अशा एका जुन्या पारशी घराच्या माडीवर आम्ही भाड्यानं राहत होतो. खाली मालकीणबाई एकट्या. सगळी गल्ली त्यांना फुई म्हणायची, म्हणून मीही. माहेर नवसारीचं, घराणं अग्यारीत सेवा करणाऱ्यांचं. नवरा तरुणपणीच गेलेला, भाचे-पुतणे कॅनडात. सुरतेत मराठी माणसाला लुटीचा विषय एकदा तरी ऐकावाच लागतो; १६६४ आणि १६७० ही सालं इथल्या जुन्या माणसांना पाठ असतात. फुईंनी पहिल्याच दिवशी तो उरकून टाकला. "जुनं सगळं माफ," त्या म्हणाल्या, "भाडं तेवढं वेळेवर देत जा."

पहिल्या हिवाळ्यात धाकट्या भावाचा स्वेटर मी त्यांच्या ओट्यावर बसून शिवला. फुई आतून आल्या, स्वेटर हातात घेतला आणि पुढून पाहायच्या आधी उलटा केला. "ऊंधू जोवा दे," म्हणाल्या. माझ्या सुलट-उलट टाक्यांना नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला सायकलच्या तारा घासून केलेल्या सुयांवर आम्हा मुलींचा हात चांगला बसवून घेतला होता. शिवण मात्र आमच्या गावात सगळ्याच बायका घालत तशी होती : दोन भाग सुलट बाजू आत घेऊन एकावर एक ठेवायचे आणि कडेकडेनं दोरा गुंडाळत जायचं. त्यानं आत जाड वळी उभी राहते, काखेत ती टोचते, आणि बाहेरून शिवणीलगतचे टाके ओढल्यासारखे दिसतात. फुईंनी त्या वळीवरून खालपासून वरपर्यंत बोट फिरवलं. बोलल्या काहीच नाहीत. मला आत बोलावलं.

त्या दुपारी त्यांनी दाखवलं ते मी आजही तसंच दाखवते. दोन्ही भाग सुलट बाजू वर करून शेजारी शेजारी मांडायचे, अंगावर असतील तसे. कडेचा टाका आणि त्याच्या लगतचा टाका बोटांनी किंचित फाकवले की मध्ये आडवे दोरे दिसतात, दर ओळीला एक. बोथट सुई उजव्या भागातल्या एका आडव्या दोऱ्याखालून काढायची, मग समोरच्या डाव्या भागातल्या. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. थोड्या ओळी झाल्या की दोरा हलक्या हातानं ओढायचा. दोन्ही कडा आत वळतात, टाक्याला टाका भिडतो आणि शिवण दिसेनाशी होते. पहिल्यांदा ती अशी नाहीशी झाली तेव्हा मी फुईंना ती उसवून पुन्हा घालायला लावली. त्यांनी घातली.

गंमत अशी की ह्या शिवणीची तयारी विणतानाच करावी लागते. हिवाळ्याच्या तोंडावर मासिकांचे विणकाम विशेषांक निघायचे, त्यांत बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असे की ओळीचा पहिला टाका न विणता नुसता उचला, कड सुबक येते. फुईंचं म्हणणं, जी कड उघडी राहणार तिचाच उचल, मफलरची, शालीची. जी शिवणीत जाणार तिचा पहिला टाका विणायचाच. न विणता उचललास तर दोन ओळींचा मिळून एकच लांबुळका टाका होतो, आडवे दोरे अर्धे होतात, आणि सुई कुठे घालायची हे कळेनासं होतं. दुसरं, दोन भागांची उंची पट्टीनं मोजू नकोस, ओळी मोज. लोकर ताणली की पट्टी हवं ते उत्तर देते. पाठीला मुंढ्यापर्यंत जितक्या ओळी तितक्याच पुढच्या भागाला, मग शिवण घालताना एक बाजू उरण्याचा प्रश्नच येत नाही. तिसरं, लोकर जाड असेल तर शिवायला तोच दोरा अख्खा घेऊ नकोस. चार पदरांचा असेल तर पीळ सोडव आणि दोनच पदर घे.

एवढी उस्तवार कशाला, असं मी एकदा विचारलं. आतून कोण बघणार? फुई म्हणाल्या, १९६२ साली चीनची लढाई झाली तेव्हा देशभरातल्या बायका जवानांसाठी स्वेटर आणि कानटोप्या विणत होत्या, त्यांत त्याही होत्या. लोकर मिळायची, माप मिळायचं, घालणारा कोण ते कधीच कळायचं नाही. ते काम गोळा करणारी एक म्हातारी पारशीण होती, ती प्रत्येक स्वेटर उलटा करून काखेच्या शिवणीवर गाल घासायची. टोचला की परत. "तिकडे बर्फात त्या पोराला काखेत खाजलं तर बंदूक कोण धरणार, तुझा काका?" असं ती सगळ्यांदेखत विचारायची. फुई हे सांगताना त्या म्हातारीसारखा आवाज काढत, आणि मग आम्ही दोघी हसत असू.

पण फुईंच्या हाताला उलट्या बाजूचं वळण त्याही आधी लागलेलं होतं, आणि ते स्वेटरनं नाही. सुरत-नवसारीच्या पट्ट्यात थंडी नाही, तरी लोकर पिढ्यान्‌पिढ्या आहे. ती पारशांच्या कमरेला असते. कुस्ती म्हणजे सुदऱ्यावरून, त्यांच्या आतल्या पवित्र सदऱ्यावरून, कमरेभोवती तीन वेढे देऊन बांधायची विणलेली दोरी. ती मेंढीच्या कोकराच्या लोकरीची, बहात्तर धाग्यांची. यस्न ह्या त्यांच्या पोथीचे अध्यायही बहात्तर. अशा कुस्त्या विणण्याचं काम परंपरेनं दस्तुर-मोबेदांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, घरच्या बायकांकडे, आणि नवसारी त्यासाठी प्रसिद्ध. फुई आईजवळ बसून सूत काढायला आणि विणायला शिकल्या होत्या. मी त्या घरात गेले तोवर त्यांची नजर त्या बारीक सुताला पुरत नव्हती, माग बांधून ठेवलेला होता. पण सांगायच्या मात्र तपशिलानं. कुस्ती विणली जाते ती आतून पोकळ. विणून झाली की धर्मगुरू प्रार्थना म्हणत ती कापतात, आणि मग लांब सुईनं ती सबंध उलटी करून घ्यायची असते, आतली बाजू बाहेर. मग टोकांचे गोंडे, मग धुणं. विणणाऱ्या बाईनं जी बाजू विणताना समोर पाहिली ती पुढे कायमची आत जाते. हे ऐकल्यावर मला फुईंच्या त्या "ऊंधू जोवा दे"चा उलगडा झाला. लहानपणापासून ज्या मुलीनं केलेलं काम उलटवल्याशिवाय पुरंच होत नव्हतं, ती कुणाच्याही स्वेटरची आधी पाठ पाहणारच.

खांद्याबद्दल मात्र फुईंचं आणि माझं कधी जमलं नाही. खांद्याचे टाके बंद न करता दोन्ही भाग दोन सुयांवर ठेवायचे, सुलट बाजू आत घ्यायची आणि तिसऱ्या सुईनं दोन्हीकडचा एकेक टाका मिळून विणत, बंद करत जायचं. ही रीत मी एका विशेषांकातून उचलली होती. झटपट होते, नीटनेटकी दिसते. फुईंना ते पसंत नव्हतं. त्या टाके बंद करून मगच शिवत, कारण सगळ्या स्वेटरचं वजन खांद्यावर लोंबतं आणि तिथे पक्की कड हवी. आता इतक्या वर्षांनी माझा कौल असा : लहान मुलाच्या हलक्या स्वेटरला माझी रीत पुरते, मोठ्या माणसाच्या जाड स्वेटरला फुईंची लागते. आणि मोज्याच्या बोटापाशी ह्या दोन्ही चालत नाहीत. तिथे शिवायच्या सुईनं दोन्हीकडच्या उघड्या टाक्यांमधून नवी ओळ गुंफावी लागते, म्हणजे वळी राहतच नाही. ह्या रीतीला इंग्रजी पुस्तकांत लॉर्ड किचनरचं नाव चिकटलं आहे. तोच किचनर, १९०२ पासून १९०९ पर्यंत हिंदुस्थानचा सरसेनापती, लॉर्ड कर्झनशी भांडून त्याला घरी पाठवणारा. पहिल्या महायुद्धात तो ब्रिटनचा युद्धमंत्री होता, तिकडच्या बायका सैनिकांसाठी ढिगांनी मोजे विणत होत्या, आणि खंदकात पाय सोलवटू नयेत म्हणून ही रीत त्यानं सुचवली अशी गोष्ट सांगतात. फील्ड मार्शल मांडीवर मोजा घेऊन बसला असेल ह्यावर माझा विश्वास नाही. कुणा बाईनं केलं असेल, नाव साहेबाचं लागलं. फुईंना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा त्या म्हणाल्या, "तेमां सूं नवुं?"

गळा हे प्रकरण निराळंच. पुढच्या भागाचा गळा घटवत आणला की त्याच्या उतरत्या कडेवरून नवे टाके उचलून पट्टी विणायची असते. दर ओळीला एक टाका उचलला तर पट्टी झालरीसारखी फुगते, फार कमी उचलले तर गळा आवळतो. टाका हा उंचीपेक्षा रुंदीला जास्त असतो, त्यामुळे एका वितीत टाके कमी आणि ओळी जास्त बसतात. म्हणून साध्या विणीत उतरत्या कडेवर चार ओळींना तीन टाके, आणि मधल्या बंद केलेल्या आडव्या टाक्यांवर एकाला एक. हा हिशेब फुईंनी कुठे लिहिलेला नव्हता. "तीन ले, एक छोड," असं गुणगुणत त्या टाके उचलत. कोपऱ्यात भोक पडतंच. तिथे एक टाका जादा उचलायचा आणि पुढच्या ओळीत तो पिळून शेजारच्यात घालायचा. पट्टीचे टाके बंद करताना एक नंबर जाड सुई घ्यायची. आपल्याकडे सुयांचे नंबर उलटे चालतात, दहा नंबर बारापेक्षा जाड, हे नवीन शिकणारीला दर वेळी सांगावं लागतं. टाके घट्ट बंद केले तर स्वेटर कितीही सुंदर असो, मुलाचं डोकं आत जात नाही. आणि ज्या मुलाला पहिल्यांदा स्वेटर घालताना कान ओढून रडवलं, ते मूल तो स्वेटर पुन्हा घालत नाही.

यजमानांचं ऋण इथेच नोंदवायला हवं, नाहीतर राहून जाईल. ते पांडेसऱ्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये होते. सुरतेच्या मागांवर उतरलेलं ग्रे कापड तिथे येतं, धुतलं जातं, रंगतं, छापलं जातं. एकदा मी बाळाची शाल धुऊन, ओलीच गादीवर पसरून, टाचण्यांनी चारी बाजूंनी ताणून लावली होती. ते कामावरून आले, बघत उभे राहिले आणि म्हणाले, "हे तर आमचं स्टेंटर झालं." मग जेवताना समजावून सांगितलं. स्टेंटर म्हणजे लांबलचक तापलेलं यंत्र. कापडाच्या दोन्ही कडा पिनांवर किंवा चिमट्यांत धरून ते हव्या त्या रुंदीला ताणतं आणि गरम हवेतून नेतं. पॉलिएस्टर असेल तर एकशेऐंशी-दोनशे अंशांपर्यंत ताप देतात. बाहेर निघतं ते त्या मापाला बसलेलं असतं, नंतर धुतलं तरी फारसं हलत नाही. पण, ते म्हणाले, तुझी शाल आहे कशाची? खरी लोकर असेल तर पाण्यानं मऊ होते, वाळेल त्या आकारात राहते, पुन्हा भिजली की पुन्हा सैल. कॅशमिलॉन, म्हणजे ॲक्रिलिक, असेल तर नुसत्या पाण्याला ती दाद देणार नाही, तिला वाफ लागते. आणि वाफ जास्त झाली की तिचा जीव जातो.

हे शब्दशः खरं आहे. ॲक्रिलिकच्या लोकरीवर गरम इस्त्री टेकली की ती चपटी, चकचकीत आणि लुळी पडते, मग काही केल्या तिला उभारी येत नाही. त्या दिवसापासून मी ओलं फडकं पसरून इस्त्री त्याच्या वरच्यावर धरते, टेकवत नाही. बॉर्डरजवळ तर नेतच नाही, कारण तिथली लवचीक वीण एकदा मेली की स्वेटरला कंबर राहत नाही. लोकर असेल तर रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवायची, चोळायची नाही, पिळायची नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायची आणि सावलीत मापावर पसरायची. सुरतेच्या पावसाळ्यात हे करू नये. वाळायच्या आधी वास धरतो.

१९९४ च्या सप्टेंबरात शहरात प्लेग आल्याची बातमी फुटली आणि अर्ध्या सुरतेसारखे आम्हीही पोरांना घेऊन मिळेल त्या गाडीनं निघालो. फुई निघाल्या नाहीत. "मी आता कुठे जाऊ, आणि माझ्या मांजरी?" एवढंच. घाईत मुलीचा स्वेटर सुईवर अर्धा राहिला होता, तो मी त्यांच्याकडे टाकून गेले. परतलो तेव्हा तो तसाच होता, कपड्यात गुंडाळून डांबरगोळ्या घालून ठेवलेला. मला वाटलं होतं, रिकामा वेळ होता, त्यांनी पुरा केला असेल. त्यांनी मला त्यांच्या एका जुन्या जाकिटाची पाठ उजेडात धरून दाखवली. आई आजारी पडली म्हणून मधल्या थोड्या ओळी बहिणीनं विणलेल्या होत्या. तेवढा पट्टा वेगळा दिसत होता. नक्षी तीच, सुया त्याच, हात दुसरा. हाताचा ताण प्रत्येकीचा आपापला असतो आणि तो मध्येच बदलला की कायमची रेघ पडते. शिवण दुसरीनं घातलेली चालते, टोकं दुसरीनं लपवलेली चालतात. मधली ओळ दुसरीनं विणू नये. पुढे बायकांचं काम वाटून द्यायची वेळ आली तेव्हा मी ह्याच नियमानं वाटलं.

२००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणाचं पाणी सुटलं आणि नानपुऱ्यात ते घरात शिरलं. फुईंना आम्ही खुर्चीसकट माडीवर आणलं. त्यांच्या कोंबड्यांची नाही, मांजरांची नाही, त्यांना काळजी ट्रंकेची होती. ती मात्र खालीच राहिली. पाणी ओसरल्यावर उघडली तर सगळे लोकरीचे कपडे गाळानं भरलेले. त्या आठवड्यांत शहरभर लोक गाद्या, कपाटं, वह्या रस्त्यावर आणून टाकत होते आणि आम्ही दोघी गच्चीवर बादल्या घेऊन बसलो होतो. ॲक्रिलिकचं सगळं धुऊन निघालं. खऱ्या लोकरीचं काही दाटून आकसलं, त्याला इलाज नव्हता. जे दाटलं नव्हतं पण डागाळलं होतं, ते उसवायचं ठरलं.

उसवण्यात शिवणीची खरी परीक्षा होते. फुईंची शिवण एक दोरा कापून ओढला की सर्रकन निघाली. माझ्या गावाकडच्या रीतीची एक बंडी होती, तिच्या गुंडाळलेल्या शिवणीतून टाके वेगळे करता करता कातरीनं लोकरच कापली गेली. उसवलेला दोरा नागमोडी येतो. तो तसाच विणला तर वीण खडबडीत होते. म्हणून खुर्चीच्या पाठीला गुंडाळून त्याची लड करायची, चार जागी सैल बांधायची, कोमट पाण्यात भिजवायची आणि खाली काहीतरी जड अडकवून टांगून वाळवायची. आम्ही अडकवायला घरातली कुलपं घेतली. गच्चीवर दोरीला लडी आणि लडींना कुलपं लोंबत होती, खालून जाणारे लोक मान वर करून बघत. त्या लोकरीचे पुढे मोजे आणि टोप्या झाल्या. पुराच्या डागातला फिकट तपकिरी रंग काहींत राहिला. आमच्या मुलीच्या बाळंतपणात त्यातलं एक टोपडं बाळाला घातलं तेव्हा सासरच्यांनी विचारलं, हा रंग कुठे मिळाला?

फुई गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. घर विकलं गेलं, आम्ही डिंडोलीला आलो. डिंडोली, नवागाम, लिंबायत, उधना ह्या भागात फिरलं तर आपण धुळ्यात आहोत की सुरतेत हे समजू नये. भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत अहिराणी. आमच्या गल्लीतल्या बहुतेक घरांत साड्यांचं काम येतं. मार्केटमधून गठ्ठे येतात, बायका दारात बसून खडे चिकटवतात, टिकल्या लावतात, लेस शिवतात, आणि भरतकामाच्या उलट बाजूला एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत जे लोंबते धागे राहतात ते कापतात. त्याला धागा कटिंग म्हणतात, आणि सगळ्यात कमी मजुरी त्याचीच. साडी नेसणारीला ते काम झालेलं कधी दिसत नाही. झालं नसेल तर मात्र पहिल्याच दिवशी बांगडी अडकते.

ह्याच बायकांतल्या काही जणी दुपारी माझ्याकडे विणकाम शिकायला येऊ लागल्या. मला वाटलं होतं की टोकं लपवायला शिकवताना माझी दमछाक होईल. सगळीकडे तीच होते. नवशिकी बाई गाठ मारते आणि कात्री लावते. गाठ पुढे टाक्यांतून डोकं वर काढते, नाहीतर सुटते. टोक सुईत ओवून उलट बाजूनं तिरकं नेऊन मग उलट दिशेनं परत आणावं लागतं. ॲक्रिलिक निसरडी असते, तिला दोनदा वळवावं लागतं, लोकर स्वतःच स्वतःला धरते. कापायच्या आधी कापड सगळ्या बाजूंनी ताणून बघायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात टोक बाहेर येतं. हे मी बोलत होते आणि त्या बायका ऐकायच्या आधीच करत होत्या. त्यांची बोटं उलट बाजूवरच तयार झाली होती. त्यांतल्या एकीनं, शिरपूरकडची आहे ती, आरीकामाची आकडी घेऊन जाड लोकरीच्या टोकाचा पीळ सोडवला, पदर वेगळे केले आणि एकेक पदर वेगवेगळ्या दिशेनं आत ओढून घेतला. कुठे फुगवटा नाही, कुठे काही नाही. फुईंनाही हे येत नव्हतं. मी तिच्याकडून ते शिकून घेतलं. ती संकोचली, म्हणाली, "ताई, हाई काय शिकानं काम शे का?"

गेल्या वर्षी दिवाळीनंतर ह्या बायकांनी विणलेले मुलांचे स्वेटर एका व्यापाऱ्यानं पाहिले. हिवाळ्यात तिबेटी लोक गावोगाव स्वेटरचे स्टॉल लावतात, त्यांतला बहुतेक माल लुधियानाचा, यंत्रावरचा. हातचं वेगळं आहे, चालेल, असं त्याचं मत पडलं. त्यानं नगावर दर सांगितला. मी वहीत मांडलेलं होतं की एका लहान स्वेटरला विणायला जितका वेळ जातो त्याच्या साधारण चौथा हिस्सा शिवण, गळा, टोकं, बटणं आणि ताणून वाळवणं ह्यांत जातो. ते त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बेन, शिवण तर त्यातच आली ना. शिवल्याशिवाय स्वेटर कुठला?"

मी काही म्हणायच्या आत शिरपूरकडच्या त्या बाईनं समोरचा स्वेटर उलटा केला आणि त्याच्या हातात दिला. "शिवननं येगळं लागी, भाऊ," म्हणाली. तो शिवण शोधत राहिला. विचार करून सांगतो म्हणाला आणि एक नमुना घेऊन गेला. नमुन्याचे पैसेही तिनं शिवणीसकट लावून घेतले. उत्तर अजून आलेलं नाही, आणि इकडे आम्ही लोकर घेऊन बसलो आहोत. संक्रांतीपर्यंत नाही आलं तर माल तापी खोऱ्याच्या गाडीनं खानदेशात जाईल. अमळनेरच्या बाजारात त्याला काय भाव येतो ते माझा धाकटा भाऊ विचारून ठेवतो आहे. त्यालाही मी बजावलं आहे की शिवणीचे वेगळे सांग.